इरा माझ्याकडे, आर्का त्याच्याकडे

मित्रांनो, नेलिदा कालिसायाच्या घरी कधी गेलात तर मागच्या खोलीतलं कपाट उघडून बघा. सगळ्यात खालच्या खणात गुंतलेल्या वायरी, मोडका हेडफोन आणि संपलेले सेल यांच्या ढिगात एक लाल पत्र्याची पेटी दिसेल. ती मी. विटेएवढी असेन. तोंडावर माइक जोडायची दोन भोकं, दोन गोल बटणं आणि एक बारीक दिवा. दिवा आता लागत नाही. घरात नवा कॉम्प्युटर आला, त्याला माझी भाषा कळेना, तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या शेजारी एक काळा डबा पालथा पडलाय. त्याचं नाव काळ्या. त्याच्याबद्दल सांगायचंच आहे, पण आधी माझं ऐका. मला विचारणारं आता कोणी नाही.

दुकानात मला ऑडिओ इंटरफेस म्हणत. नाव भारदस्त, काम साधं. माइकपुढे कोणी गायलं की तो आवाज वायरीतून माझ्याकडे यायचा. कॉम्प्युटर बहिरा, त्याला फक्त आकडे समजतात. मी आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायची, प्रत्येकाचा आकडा करून त्याच्या हवाली करायची. हे तुकडे एकसारखे पडावेत म्हणून कारखान्यात माझ्या पोटात एक स्फटिकाचा कण बसवला होता. त्याचा ठोका अखंड चालू असे. प्रत्येक पेटीचा ठोका तिचा तिचा, जशी प्रत्येक माणसाची चाल वेगळी. फरक इतका कमी की तुम्हाला कळणारसुद्धा नाही. पण तो असतो, आणि त्या फरकानेच आमच्या घराचा घात केला.

जहाजातून काय्याओ बंदरात उतरले, तिथून ट्रकमधून डोंगर चढत चढत हुलियाका शहरात आले. हवा विरळ, ऊन भाजणारं, सावलीत गेलं की थंडी. नेलिदाने मला दुकानातून घरी आणलं तेव्हा पोटाशी धरलं होतं. तिच्या विटांच्या घरामागे एक खोली होती. त्या खोलीत चुन्योची पोती रचलेली असत. चुन्यो म्हणजे कडाक्याच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेले बटाटे. दगडासारखे होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. नेलिदाने भिंतींना जाड लोकरी घोंगड्या ठोकल्या, पण पोती खोलीबाहेर हलवू दिली नाहीत. ती कोपऱ्यांत रचली की ढोलाचा आवाज खोलीत घुमत नाही, असा तिला शोध लागला होता.

तिचे वडील सातुर्निनो दारातून डोकावून म्हणायचे, "काय ग, दिवसभर आत बसून बटाटे ऐकतेस की काय?"

"बाबा, दार लावा. तुमचा आवाज आत जातोय."

"जाऊ दे की! फुकटचा आहे."

ते माझे सुखाचे दिवस होते. लग्नात गाणाऱ्या बाया घेरदार झगे सावरत यायच्या आणि पोत्यांवर बसूनच गायच्या. भाजलेल्या कोंबडीच्या दुकानाची जाहिरात मी घेतली, शाळेचं गीत घेतलं, एका म्हाताऱ्याने बायकोसाठी घोकलेलं माफीचं भाषणसुद्धा घेतलं. नेलिदा मला 'लाली' म्हणायची. काम संपलं की मऊ फडक्याने पुसून, वर रुमाल घालून ठेवायची. बाजारात लोक विचारत, "लालीवाली नेलिदा ती तूच ना?" मित्रांनो, कोणाच्या तोंडी आपलं नाव असणं फार गोड वाटतं.

मग एके दिवशी यूलिसा आली. ती तितिकाका सरोवराच्या काठावरच्या गावात शाळामास्तरीण. तेच नेलिदाचंही मूळ गाव. गावातल्या तरुण पोरापोरींना जमवून तिने सिकू वाजवणाऱ्यांचा ताफा पुन्हा उभा केला होता.

सिकू म्हणजे वेळूच्या लहानमोठ्या नळ्या ओळीने बांधलेला पावा. त्याची गंमत अशी की तो एकट्याचा नसतोच. एका जोडीत दोन सिकू. एकाचं नाव इरा, दुसऱ्याचं आर्का. तुमच्या भाषेत सांगायचं तर सा इराकडे, रे आर्काकडे, ग परत इराकडे, म आर्काकडे. एक फुंकतो, थांबतो. त्या थांबण्यात दुसरा फुंकतो. इरा पुढे, आर्का त्याच्या मागून. दोघांचं मिळून एक गाणं होतं. एकटा माणूस गाणं वाजवू शकत नाही, फार तर अर्धं वाजवतो.

यूलिसाला हवी होती गेलेल्यांच्या दिवसाची जुनी चाल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्मशानात जाताना ती वाजायची. ती येणारी दोनच माणसं उरली होती. एक नेलिदाचे बाबा सातुर्निनो, ते इरा वाजवत. दुसरे त्यांचे थोरले भाऊ इलारियो, ते आर्का. बाकीचे जोडीदार कोणी खाणीत गेले, कोणी राजधानीत, कोणी मातीत. इलारियोकाकांची उमर सोन्याच्या खाणीत गेली आणि त्या धुळीने छाती गेली. ते हुलियाकाला डॉक्टरला दाखवायला आले होते, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी त्यांना खाली ताक्नाला, गरम हवेत घेऊन जाणार होती.

"काका, नुसतं एकदा वाजवा," यूलिसा म्हणाली. "लालीत उतरवून घेऊ. आम्ही ऐकून ऐकून बसवू."

"वाजवतो की. फुंकर उरलीये तोवर वाजवून घ्यावं," इलारियोकाका म्हणाले.

आता अडचण आली माझीच. दोन सिकू आणि प्रत्येक वादकाच्या काखेत एक ढोल. चार माइक हवेत, आणि माझ्या तोंडाला भोकं दोनच. म्हणून नेलिदा जुन्या बाजारात धावली आणि काळ्याला घेऊन आली. काळ्या दुसऱ्या कारखान्याचा, दुसऱ्या घडणीचा. त्यालाही दोन भोकं, आणि पोटात त्याचा स्वतःचा ठोका.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि एका कॉम्प्युटरला दोन ठोके चालत नाहीत. दोन पेट्या जोडायच्या तर एकीने आपला ठोका सोडून दुसरीच्या ठोक्यावर चालायचं असतं. त्यासाठी एक पातळशी वायर लागते. नेलिदाला हे पक्कं माहीत होतं. तिने बाजारवाल्याला वायर मागितली.

"बाई, डबा आहे, एवढं देवाचे आभार माना," तो म्हणाला. "वायरीचं काय घेऊन बसलात? बिनवायरीचं चालतं. कॉम्प्युटर घेतो सांभाळून."

नेलिदाने शहरातली दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, राजधानीतून मागवावी लागेल. काका उद्या जाणार होते. शेवटी तिने कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्राम बसवला, जो दोन्ही पेट्यांना एका दावणीला बांधतो असं म्हणत. थोडं वाजवून पाहिलं. ठीक वाटलं. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिने माइक जोडले. बाबांचा इरा आणि बाबांचा ढोल माझ्याकडे. काकांचा आर्का आणि काकांचा ढोल काळ्याकडे.

मित्रांनो, दोन्ही सिकू माझ्याकडे आणि दोन्ही ढोल काळ्याकडे दिले असते तर काही बिघडलं नसतं. गेले असते तर ढोल गेले असते. ढोलाचा ठेका कोणीही परत धरला असता. पण नेलिदा त्या गावची लेक. तिकडे इरावाले एका बाजूला उभे राहतात, आर्कावाले दुसऱ्या बाजूला. इरा आणि आर्का एका भांड्यात घालायचे, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. राजधानीतल्या कोणा परक्या माणसाने ही चूक केली नसती. आपलं ते इतकं आपलं होतं की तिला दिसलंच नाही.

इलारियोकाका पोत्यावर टेकले. खोकल्याची उबळ आली, थांबली.

"काय ग, तुझी ही लाली माझा खोकलापण घेते का?"

"तुमचा तो काळ्या घेतोय, काका."

"मग तोच पाठव डॉक्टरकडे. मला कशाला हेलपाटे?"

बाबांना हसू आलं नाही. "दादा, दम घे. मी सावकाश काढतो, तू मागून ये."

"जन्मभर मागूनच आलो तुझ्या. मी थोरला, आणि पुढे तू!"

"मग आता काय भांडायचंय का त्यावरून?"

"नाही रे. सवय झाली," काका म्हणाले आणि नळ्या ओल्या करायला त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

नेलिदा पडद्यावर उमटणाऱ्या आवाजाच्या रेघांकडे बघत बसली होती. काकांनी सिकू खाली केला. "आम्ही वाजवायचं आणि तू टीव्ही बघायचा होय? वाजवणाऱ्याकडे पाठ करतात का कधी? कोणी शिकवलं तुला?"

ती शरमली. तिने कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, कानावरचा हेडफोन काढला आणि यूलिसाच्या शेजारी त्यांच्यासमोर जाऊन बसली.

ते वाजवू लागले. काय सांगू तुम्हाला! दोन म्हातारे, पण सूर एकाच छातीतून आल्यासारखे. घरापासून स्मशानापर्यंत जायचे दोन भाग त्यांनी घोळवून घोळवून वाजवले. नेलिदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलंही नाही. मी माझे आकडे कॉम्प्युटरला देत होते, काळ्या त्याचे देत होता. आम्ही दोघं इमानेइतबारे काम करत होतो. पण मी माझ्या ठोक्याने, तो त्याच्या. केसाएवढं अंतर बोटाएवढं झालं. कॉम्प्युटर ओढाताण करत राहिला, मधूनच काळ्याच्या आवाजाचा एखादा तुकडा गाळत राहिला, आणि शेवटी त्याला ते झेपेना. त्याने काळ्याचा हात सोडून दिला.

नेमकं तेव्हाच त्या चालीचा शेवटचा भाग सुरू झाला होता. त्याला निरोप म्हणतात. तो पूर्ण चालीत एकदाच येतो, आणि वर्षातून एकदाच वाजवतात. काळ्याचा हिरवा दिवा चालूच होता. बिचारा आकडे देतच होता. घेणारं कोणी नव्हतं. आणि पडद्याचं तोंड भिंतीकडे.

वाजवून झालं. यूलिसा उठून दोघांच्या पाया पडल्यासारखी वाकली. नेलिदाने कॉम्प्युटर वळवला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांची रेघ शेवटपर्यंत डोंगरासारखी वरखाली. काकांची रेघ निरोपापाशी येऊन सपाट.

"काका," ती म्हणाली, "निरोप तेवढा... परत एकदा वाजवाल?"

"वेड लागलंय का तुला? निरोप दोनदा दिला तर गेलेला माणूस उंबऱ्यात घुटमळतो. ना इकडचा ना तिकडचा." काका धापा टाकत होते. "एक तर तुझ्यासाठी तो स्मशानाबाहेर वाजवला. चालवून घेतील आमचे म्हातारे."

तिने खरं काय ते सांगितलं. बाबा भडकले. "म्हणजे दादाने छाती फोडून वाजवलं ते वाया?"

"ओरडू नको पोरीवर," काका म्हणाले. "पेटीला ऐकू आलं नाही, तुम्हाला तर आलं ना? नोव्हेंबरात येतोच मी गावी. तिथे वाजवणारच आहे. तेव्हा आण तुझी लाली आणि काळ्या, आणि ती कसली वायर."

यूलिसा हळूच म्हणाली, "सातुर्निनोकाका, तोवर त्यांचे निरोपाचे सूर तुम्ही ऐकून ठेवता का? ते नुसते गुणगुणतील, तुम्ही पाठ करा."

बाबांचा चेहरा असा झाला, जणू तिने भलतंसलतं काही मागितलं. "त्याचे सूर मी कशाला पाठ करू? मेलाय का तो? समोर बसलाय जिता!"

यूलिसाने जीभ चावली. काका मात्र खो खो हसले आणि हसता हसता खोकले. तो विषय तिथेच मिटला. सगळे स्वयंपाकघरात रस्सा प्यायला गेले. खोलीत मी आणि काळ्या. आमचे दिवे बराच वेळ चालू होते.

इलारियोकाका नोव्हेंबरात आले नाहीत. त्याच्या आधीच ताक्नाहून फोन आला. नेलिदा फोन कानाला लावून पोत्यावर बसली ती उठलीच नाही. बाबांना सांगायचं तिच्याने होईना. बाबा दारात उभे होते आणि त्यांना न सांगताच कळलं.

पुढचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. नेलिदा आमच्यापुढे बसून माझी रेघ आणि काळ्याची रेघ जुळवायची. गळलेले तुकडे शोधायची, काकांचा सूर उचलून बाबांच्या थांबण्यात नेऊन ठेवायची. पहिले दोन भाग तिने तसे जुळवून काढले. पण निरोपात जुळवायला दुसरं काही नव्हतंच. बाबांची एक फुंकर, मग शांतता. परत फुंकर, परत शांतता. त्या शांततेत दूरवरून आलेला काकांचा सूर माझ्या माइकमध्ये थोडा तरी सापडेल म्हणून तिने कान फुटेपर्यंत आवाज वाढवला. पण काकांची फुंकर तोवर मंद झाली होती, आणि दोघांच्या मध्ये, आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, तिनेच चुन्योची पोती रचली होती. बटाट्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

बाबा तिच्याशी बोलत नव्हते. एकदा मात्र आत आले आणि म्हणाले, "लाव तो निरोप. दादाचे सूर मी सांगतो."

तिने लावला. बाबा रिकाम्या जागी गुणगुणले. दुसऱ्यांदा लावला, तर वेगळंच गुणगुणले. तिसऱ्यांदा त्याहून वेगळं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"जन्मभर ऐकलं ग! पण माझं ध्यान माझ्या फुंकरीवर. त्याचं संपलं की माझं सुरू, एवढंच मला ठाऊक. तो काय वाजवायचा... देवा, तो काय वाजवायचा?"

नेलिदा म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. दोन्ही सिकू लालीलाच द्यायला हवे होते."

"मीही तुझ्यासारखेच दिले असते," बाबा म्हणाले. "इरा इकडे, आर्का तिकडे. आणि ती मास्तरीण सांगत होती तेव्हा मी तिला झटकून टाकलं. तुला काय बोलू?" मग ते रडले. तो आवाज कोणी माइकने घेतला नाही ते बरं झालं.

गेलेल्यांचा दिवस जवळ आला. यूलिसाने सुचवलं, रिकाम्या जागा अंदाजाने भरू. आजूबाजूच्या सुरांवरून बसतील असे सूर कॉम्प्युटरही सुचवतो म्हणे.

"बसतील," बाबा म्हणाले. "पण ते दादाचे नसतील. आज तू भरलंस की उद्या लोक म्हणणार, इलारियो असंच वाजवायचा. त्या जागा तशाच ठेवा."

"मग आर्कावाल्यांनी काय करायचं?"

"उभं राहायचं."

त्या दिवशी नेलिदाने मला एकटीला पिशवीत घालून गावी नेलं. काळ्याला घेतलं नाही. सरोवरावरून वारा येत होता. टेकडीवरच्या स्मशानात काकांच्या थडग्याच्या नव्या मातीवर लोकांनी बाळाच्या आकाराचे भाजलेले पाव, फळं, फुलं मांडली होती. ताफा उभा राहिला. इरावाले एका बाजूला, आर्कावाले दुसऱ्या बाजूला, मध्ये बाबा. नेलिदाने माझे दोन माइक पुढे ठेवले. पहिले दोन भाग सगळ्यांनी वाजवले आणि टेकडी भरून गेली. मग निरोप आला. इरावाले फुंकत होते. आर्कावाली पोरं सिकू ओठांना लावून, छातीत श्वास भरून, न फुंकता उभी. सूर आणि शांतता, सूर आणि शांतता. बायकांनी पदरांत तोंडं लपवली. शेवटचा सूर आर्काचा असतो. म्हणजे तो वाजलाच नाही. संपलं हे कोणाला कळेना. सगळे तसेच उभे राहिले.

बाबा माझ्याजवळ आले आणि खाली वाकून विचारलं, "आला का ग?"

"कोण, बाबा?"

"दादा. बरोबर जागेवर येत होता की. तू घेतलास ना?"

नेलिदाने हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला. "घेतला, बाबा," ती म्हणाली.

माझ्याकडे त्या जागी वारा होता. बाकी काही नव्हतं.

ते माझं शेवटचं मोठं काम. आता यूलिसाच्या शाळेतली लहान मुलं ती चाल शिकतात. रिकाम्या जागा बोटांवर मोजून शिकतात, आणि चांगली शिकतात. त्यांना वाटतं, चाल मुळातच अशी आहे.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपून वापरा, असं मी सांगणार नाही. मी पत्रा आहे. आज आहे, उद्या भंगारात जाईन, त्याचं मला काही नाही. पण तुमच्या घरात, गावात, ज्याच्यापाशी तुमच्या गाण्याचा उरलेला अर्धा भाग आहे, त्याच्याकडे आज जा. पेटी घेऊन जाऊ नका, कान घेऊन जा. तो हसेल, कदाचित रागावेल, मला एवढ्यात पोचवायला निघालात का म्हणून विचारेल. विचारू दे. त्याच्यासमोर बसा आणि शिकूनच उठा.